मागच्या जिन्याची हिराबाय

स्वतःचीच स्कूटर लिलावात बोली लावून विकत घेतलेला माणूस अख्ख्या बोईसरमध्ये मी एकटाच असेन. लोक अजून मला ही गोष्ट ऐकवतात. चहाच्या टपरीवर ऐकवतात, लग्नाच्या पंगतीत ऐकवतात, आणि ऐकवता ऐकवता हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी हसत नाही. त्या लिलावावर माझा आक्षेप होता आणि आजही आहे. पण ज्या बाईने तो लिलाव केला तिच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, तर त्याच्याशी भांडायलाही पहिला मीच उभा राहतो. हे दोन्ही एकाच वेळी कसं जमतं, ते हिराबायला ओळखणाऱ्यांना विचारा.

औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी एकमजली इमारत आहे. खाली गाळे, वर गाळे. मासवणहून सायकलवर भाजी आणून विकणाऱ्या माणसाने, म्हणजे मीच, ती बांधली आहे, एवढंच तिच्याबद्दल सांगतो. तिच्यातली एक वीटही मी पहिल्या भावाने घेतलेली नाही. भाडेकरूही मी असाच पारखून घ्यायचो. आधी भाडं वर सांगायचं, समोरच्याने ओढायचं, आपण ताणायचं, चहा मागवायचा, पुन्हा ताणायचं. त्यात मला जेवणापेक्षा जास्त समाधान मिळतं.

हिराबाय गाळा बघायला आली तेव्हा मी असाच तयारीत बसलो होतो. ती मूळची दातिवऱ्याची, समुद्रकाठच्या गावात वाढलेली. ठेंगणी, रुंद, चालताना दोन्ही हात जरा लांब धरून चालणारी, जणू डोक्यावर अजून पाटी आहे. कारखान्यांतल्या कामगारांसाठी सुती हातमोजे शिवायचं युनिट तिला वरच्या मजल्यावर टाकायचं होतं. मी भाडं सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

एवढंच. मी घासाघिशीसाठी मुद्दाम वर ठेवलेला आकडा तिने जसाच्या तसा मान्य केला. मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला.

ती गाळ्यात फिरली नाहीच. बाहेर व्हरांड्यात गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, शेवटच्या भिंतीवर हाताने थापटलं आणि परत आली.

"शेट, आत यायची वाट दिसली. भायेर जायाची कुठं हाय?"

"तीच. आलात तशाच जायचं."

"आमच्या डोलीच्या जाळ्यात मासा असाच येतो," ती म्हणाली. "तोंडाशी रुंद, मागं बंद. येताना त्याला पन काय वाटत नाय."

मग तिने सौदा मांडला. भाड्यात ती घासणार नव्हती. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. गाळ्याचं दार बाहेरच्या अंगाला उघडणारं पाहिजे, म्हणजे बायका घाबरून एकदम दारावर आल्या तर ते ढकलून उघडेल. आणि मागचा जिना मोकळा पाहिजे.

मागचा जिना इमारतीच्या नकाशात होता. मी त्याची वरची आणि खालची तोंडं विटांनी बुजवून आत गोदाम केलं होतं आणि ते खोक्यांच्या एका व्यापाऱ्याला दिलं होतं. मोकळा जिना भाडं देत नाही. दार कबूल केलं. जिन्याचं नाव काढू नका म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, "जिना मंग नेईन." बाजारात एखादी बाई भाजीची जुडी बाजूला ठेवायला सांगते, तसं.

करारात माझ्या वकिलाने एक कलम घातलेलं होतं. आगीची सर्व जबाबदारी भाडेकरूची राहील. मी ते तिला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे आग लागली तर पळता पळता जिना पन मीच बांधायचा?"

तिच्याबरोबर आलेल्या बायका हसल्या. मी पेन पुढे केलं. तिने सही केली. आमच्या दोघांतलं भांडण तिथून सुरू झालं ते पुढे सगळी वर्षं चाललं, आणि खरं सांगायचं तर भाड्याच्या दिवसाची मी वाट बघायला लागलो ती त्यामुळेच.

हिराबायचा दिवस एका विचित्र चालीने सुरू व्हायचा. युनिटचं कुलूप काढलं की ती व्हरांड्याच्या टोकाला उभी राहायची, डोळे मिटायची, डावा हात भिंतीला लावायची आणि तशीच चालत जिना उतरून अंगणात यायची. डोळे मिटलेलेच. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाईला काही नवस आहे.

"धुरात डोळे उघडे ठेवून काय दिसनार हाय?" ती म्हणायची. "वाट पायांना म्हाईत पायजे."

युनिटमध्ये नवी आलेली प्रत्येक बाई पहिल्या दिवशी आधी मशिनपासून अंगणापर्यंत डोळे मिटून चालायची, मगच तिला मशिनवर बसायला मिळायचं. आधी वाट, मग सुई. मनोरकडच्या पाड्यांवरून आलेल्या मुली लाजून पदर तोंडात धरून चालायच्या, आणि हिराबाय मागून ओरडायची, "गो, नवऱ्याच्या घरी चाललीस का? हात भिंतीला लाव!"

हे वेड कुठून आलं, ते ती एकदाच बोलली. आधी ती ज्या युनिटात कामाला होती, तिथला मालक बायका इकडे तिकडे जाऊ नयेत म्हणून कामाच्या वेळात दाराला बाहेरून कडी घालायचा. एक दिवस आत धूर झाला. "कडी काढली त्यानं," ती म्हणाली, "पन त्याला चपला सापडेपर्यंत आमी आत खोकत व्हतो." एवढं सांगून ती हसली आणि दुसऱ्या विषयावर गेली. मी मात्र त्या दिवशी घरी गेल्यावर माझ्या चपला कुठे आहेत ते उगाच बघितलं.

आता लिलाव. डोळे मिटून चालताना तिच्या पायाला जे लागेल, ते तिचं. कुणाची खुर्ची, कुणाची बादली, कुणाचं बोचकं. ती वस्तू उचलली जायची आणि शनिवारी संध्याकाळी पाळी सुटल्यावर अंगणात ताडपत्रीवर मांडली जायची. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर होड्या आल्या की मासळीचा लिलाव होतो, तसाच लिलाव. हिराबाय वस्तू दोन्ही हातांनी उचलायची, तिची खोटी खोटी तारीफ करायची आणि बोली सुरू करायची. ज्याची वस्तू, त्याने बोली लावून सोडवायची. दुसऱ्या कुणालाही भाव चढवायची मुभा. जमलेल्या पैशांतून आधी दोन्ही मजल्यांवरचे आग विझवायचे लाल सिलेंडर भरून घ्यायचे, आणि उरलं तर खाणं.

खाली यादवजींचं डब्यांचं स्वयंपाकघर होतं. कारखान्यांत त्यांचे डबे जायचे. पहिल्याच शनिवारी त्यांचं कांद्यांचं पोतं लिलावात आलं.

"बघा बघा, कसं ताजं हाय," हिराबाय पोतं थोपटत म्हणाली, "जिन्याखाली झोपलं व्हतं. अजून डोळे उघडले नाय."

"अरे हमारा ही प्याज है, हिराबाई!" यादवजी ओरडले.

"मंग घ्या ना सोडवून. बापाला पोर जड झालं का?"

यादवजींनी स्वतःचे कांदे सोडवले आणि त्याच कांद्यांची भजी तळून सगळ्यांना खायला घातली. वरच्या मजल्यावर टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे कुलकर्णी सर होते, अतिशय सभ्य माणूस. त्यांचा चपलांचा स्टँड तीन वेळा लिलावात गेला. चौथ्या वेळी त्यांनी तो घेतलाच नाही, हात जोडले आणि म्हणाले, "राहू दे, मुलं चपला हातात घेऊन बसतील." त्या दिवशी टाळ्या पडल्या.

या सगळ्याला माझी हरकत नव्हती. भाडेकरूंची आपसातली मजा, मला काय. माझी स्कूटर मी जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी सावलीत लावायचो. इमारत माझी, सावली माझी. हिराबायने दोनदा सांगितलं होतं की पेट्रोलची गाडी मीटरखाली उभी करू नका. मी दोनदा ऐकून घेतलं होतं.

एका शनिवारी मला कचेरीच्या कामासाठी पालघरला जायचं होतं. स्कूटर नेहमीच्या जागी ठेवून मी मित्राच्या गाडीतून गेलो. संध्याकाळी परत आलो तर अंगणात ही गर्दी. ताडपत्रीवर मधोमध माझी स्कूटर, हँडलच्या दोन्ही मुठींना हिराबायने दोन कोरे पांढरे हातमोजे घातलेले. स्कूटर दोन्ही हात पुढे करून माफी मागते आहे असं दिसत होतं.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. जिना माझा, मीटर माझं, स्कूटर माझी, आणि माझ्याच अंगणात माझ्याच मालाला हात लावायची हिंमत कुणाची झाली, असा त्याचा मथितार्थ. हिराबायने मला पूर्ण बोलू दिलं. मग लोकांकडे वळून म्हणाली, "मालक आले. आता बोली चढंल."

पहिली बोली यादवजींनी लावली. वर म्हणाले, "सेठजी, गाडी तो बढिया है. एव्हरेज कितना देती है?" कुलकर्णी सरांनी, त्या सभ्य माणसाने, चढवली. घासाघिशीत मला अजून कुणी हरवलेलं नाही, पण घासाघिशीत खाली यायचं असतं. लिलावात वर जावं लागतं, आणि वर जायची माझ्या जिभेला सवय नव्हती. तरी मी गेलो. आता सुटली असं वाटलं तेवढ्यात मागून आणखी एक बोली आली. वळून बघतो तर माझी बायको. शालिनीला भज्यांचं आमंत्रण होतं.

"अगं, आपलीच स्कूटर आहे!"

"म्हणून तर," ती म्हणाली, "घरात कधी मला चालवायला मिळाली नाही."

मला माझ्याच बायकोच्या वर बोली लावावी लागली. हिराबायने तीन वेळा विचारलं, हात आपटला आणि म्हणाली, "गेली! मासवनच्या पाव्हन्याला गेली!" लोक अंगणात लोळायचे बाकी होते. त्या पैशांतून सगळे लाल सिलेंडर नव्याने भरून आले, जिन्याच्या तोंडाशी आणखी एक लागला, आणि भज्यांबरोबर जिलेबीही झाली. मी जिलेबी खाल्ली नाही. शालिनीने माझ्या वाटणीची खाल्ली.

तेव्हापासून मी स्कूटर फाटकाबाहेर लावू लागलो. तिला घाबरून नाही, तिथे आता झाड मोठं झालं होतं.

पण हिराबायच्या डोक्यातून मागचा जिना गेलेला नव्हता. भाडं देताना ती दर वेळी विचारायची, "शेट, माझा जिना कसा हाय?" सासरी गेलेल्या मुलीची चौकशी करावी तसं. मी म्हणायचो, मजेत आहे. ती म्हणायची, "त्याला सांगा, हिराबाय येते."

मग नोटीस आली. आमच्या भागातल्या इमारतींची तपासणी झाली होती. वर्षातून दोनदा परवानाधारक एजन्सीकडून आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. आमच्या एजन्सीच्या माणसाने दुसरी वाट नाही म्हणून दाखला दिला नव्हता. ठरलेल्या मुदतीत मागची वाट मोकळी झाली नाही तर वीज आणि पाणी तोडू, असं नोटिशीत होतं. मी करार घेऊन अग्निशमन खात्याच्या साहेबांकडे गेलो. वकिलाचं कलम दाखवलं. साहेबांनी ते वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, "हे तुमचं आपसातलं. आमच्याकडे मालकही जबाबदार आणि वापरणाराही. नोटिशीवर नावं बघा." नावं बघितली. पहिलं माझं होतं, खाली सगळ्या भाडेकरूंची.

मी तसाच तडक हिराबायच्या युनिटवर गेलो आणि सगळ्यांना बोलावून सांगून टाकलं की मला हा ताप नको, गाळे रिकामे करा, मी टाळं लावतो. रागात बोललो, पण बोललो. मशिनं थांबली. यादवजींचे डबे, सरांची मुलं, हिराबायच्या बायकांच्या घरच्या चुली, सगळं त्या एका वाक्यावर येऊन उभं राहिलं.

"जेवले का तुमी?" हिराबायने विचारलं.

मी जेवलो नव्हतो. तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. उपाशी माणूस भांडू शकतो, पण सौदा करू शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी चौथी भाकरी मोडेपर्यंत ती सौद्याचं बोललीच नाही.

मग बोलली. खोक्यांच्या व्यापाऱ्याला तिने आधीच गाठलं होतं. यादवजींची मागची शेड अर्धी रिकामी पडून होती, त्यातला भाग तो घ्यायला तयार होता, भाडं मलाच. गाळ्यांच्या आतलं सगळं, जुन्या वायरी बदलणं, सिलेंडर, मालाचे गठ्ठे मीटरपासून लांब हलवणं, बायकांना शिकवणं, ते भाडेकरू करणार. राहिला जिना. विटा फोडायच्या, नवा लोखंडी कठडा, दोन दारं.

"जिन्याचा खर्च निम्मा निम्मा," मी म्हटलं. हा माझा हक्काचा मुद्दा होता. वापरणार तेच.

हिराबायने जराही वेळ लावला नाही. "बरं. निम्मा आमी देतो. मंग निम्मा जिना आमच्या नावावर लिहून द्या."

"म्हणजे?"

"पैसे निम्मे तर मालकी निम्मी. वरच्या पायऱ्या तुमच्या, खालच्या आमच्या. तुमाला खाली उतरायचं असंल तर आमाला विचारायचं."

बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. यादवजी छताकडे बघत होते. मी हिशेब केला, पुन्हा केला. माझ्या इमारतीतली एक पायरीही मी कधी कुणाच्या नावावर केली नसती, आणि हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

पूर्ण खर्च मी केला. पूर्ण मालक राहिलो. अजून मी आकडे मांडून बघतो आणि अजून मला तिच्या त्या सौद्यात चूक सापडत नाही. माझा राग आहे तो यासाठी.

माकुणसारच्या एका फॅब्रिकेटरने कठडा बसवला. भिंत फोडली तेव्हा वर्षानुवर्षं कोंडलेली हवा बाहेर आली आणि मागच्या शेताकडचा वारा सरळ व्हरांड्यात शिरला. सरांच्या क्लासमधले कागद उडाले. उद्घाटन वगैरे काही नव्हतं. हिराबाय वर उभी राहिली, डोळे मिटले, हात कठड्यावर ठेवला आणि उतरू लागली. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय माझ्या रंगाच्या डब्याला लागला. रंगाऱ्याने ठेवला होता, पण डबा माझा होता. डोळे न उघडताच ती ओरडली, "लिलाव!"

वाट झाली, तशी तिने तालीम सुरू केली. भोंगा वाजवला की सगळ्यांनी मागच्या जिन्याने खाली शेताच्या कडेला जमायचं. सगळे आले की नाही ते डोकी मोजून बघा, असं एजन्सीचा माणूस म्हणाला होता. हिराबायला मोजणं पटेना. तिच्या लहानपणी वारं उठलं की बायका किनाऱ्यावर उभ्या राहून होडीवरच्या एकेका माणसाला नावाने हाक मारायच्या. होडीवरून ओ आली की पुढचं नाव. सगळ्यांची ओ आल्याशिवाय एकही बाई घराकडे तोंड फिरवायची नाही. तशीच ती शेताच्या कडेला उभी राहून हाका मारायची. दुकानाचं नाव नाही, आडनाव नाही, माणसाचं नाव. त्या हाकेला लांब हेल होता, पाण्यावरून जायचा तसा. यादवजींना "रामआसरेऽऽ" अशी हाक पडायची आणि ते शाळेतल्या मुलासारखे हात वर करून ओ द्यायचे.

माझं नाव त्यात नव्हतं. मी एकदा विचारलं.

"तुमी आत कवा असता?" ती म्हणाली. "भाडं घ्यायला येता नि जाता. होडीवर नसलेल्या मानसाला कोन हाक मारनार?"

मला ते लागलं. इमारत माझी, जिना माझा, पूर्ण खर्चाचा, आणि हाकेत मी नाही. पण मी बोललो नाही. बोललो असतो तर तिने त्याचाही लिलाव केला असता.

आग लागली ती भर दुपारी. यादवजींच्या कढईतलं तेल पेटलं आणि वरच्या धुराड्याच्या जाळीतल्या वर्षांच्या तेलकट थराने पेट घेतला. फार मोठी आग नव्हती, पण धूर काळा, जाड, आणि तो पुढच्या जिन्यातूनच वर चढला. त्या वेळी मी वर सरांच्या क्लासमध्ये होतो. मी वर आल्याचं हिराबायला माहीत नव्हतं. भोंगा झाला, मुलं उठून मागे धावली, सर त्यांच्यामागे. माझं पाकीट टेबलावर होतं. मी ते घ्यायला वळलो, आणि तेवढ्यात व्हरांडा दिसेनासा झाला.

डोळे उघडे होते, काही उपयोग नव्हता. मग मी ते मिटले. डावा हात भिंतीला लावला. एक दार, दुसरं दार, मग भिंत संपली आणि हाताला गार लोखंड लागलं. वाटेत पायाला काही लागलं नाही. एक चप्पलसुद्धा नाही. मी खाली उतरलो आणि खोकत गर्दीच्या मागे एका बांधावर बसलो.

हिराबायच्या हाका चालल्या होत्या. एकेक नाव, एकेक ओ. यादवजींनी आणि त्यांच्या माणसांनी कढईवर झाकण टाकून लाल सिलेंडर मारले होते. तेवढ्यात बंबही आला. पुढच्या जवानाने विचारलं, "सगळे बाहेर?"

"सगळे," हिराबाय म्हणाली. आणि मग तिची नजर फाटकाबाहेरच्या झाडाखाली गेली.

"स्कूटर हाय," ती म्हणाली. तिचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "शेट आत हाय!"

आणि पदर खोचून ती जिन्याकडे निघाली. जवानाने तिचा दंड धरला, तर त्यालाही ओढत चार पावलं गेली.

"हिराबाय," मी बांधावरून म्हटलं, "मी इथे आहे."

ती वळली. मला वाटलं, आता ही बाई काहीतरी बरं बोलेल. जिना काढून दिलात म्हणून वाचलो, असं काहीतरी. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि बंबवाल्यांपुढे, भाडेकरूंपुढे, रस्त्यावरच्या बघ्यांपुढे मला झाडलं.

"ओ का नाय दिली? तोंडात काय धरलं व्हतं?"

"तुम्ही नावच घेतलं नाहीत!"

"नाव म्हाईत असंल तर घेईन ना! इतकी वर्सं शेट शेट! काय नाव हाय तुमचं?"

मी पण तापलो. "करारावर आहे! वाचा!"

"करार मी वाचला नाय, तुमी वाचून दाखवला, नि त्यात निसती आग व्हती!"

बंबवाला हसायला लागला, मग सगळेच. भिंत काळी झाली होती, यादवजींची जाळी गेली होती, पण कुणाला खरचटलंही नव्हतं. त्या संध्याकाळी गाडीवरची भजी आणून सगळ्यांनी शेताच्या कडेला बसून खाल्ली. या वेळी मीही खाल्ली.

मी नाव सांगितलं नाही. मान आड आला. पुढच्या तालमीला तिने सगळ्यात शेवटी हाक मारली, "स्कूटरवालेऽऽ!" आणि मी ओ दिली. तेव्हापासून ती युनिटवर असेपर्यंत मी हाकेत स्कूटरवालाच राहिलो.

पुढे तिचे गुडघे बोलायला लागले. युनिट तिने भाचीला, रंजनाला दिलं. रंजनाही रोज सकाळी डोळे मिटून व्हरांडा चालते. नव्या भाडेकरूंना वाटतं, हा इमारतीचाच काही नियम असावा. मी त्यांना करार देताना सांगतो की हो, नियमच आहे. वकिलाचं ते कलम मी काढून टाकलं. साहेब मानतच नाहीत, तर शाई कशाला फुकट घालवायची.

हिराबाय गावी राहायला निघाली, तेव्हा तिला दातिवऱ्याला पोचवायला मी आणि शालिनी गाडीने गेलो. तिचं सामान थोडंच होतं. वाटेत आम्ही दोघं भांडलो, जिन्याच्या खर्चावरूनच. मी म्हटलं, व्याजासकट तुमचा वाटा किती होतो सांगू का? ती म्हणाली, निम्म्या पायऱ्या काढून द्या, गाडीत घेऊन जाते. शालिनी पुढे बसून हसत होती.

तिच्या घरापर्यंत गाडी जात नव्हती. सामान पोचवलं, चहा घेतला आणि आम्ही दोघं रेतीतून परत निघालो. ती दारात न थांबता किनाऱ्यापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. समुद्राला ओहोटी होती, वारं आमच्या बाजूला होतं. आम्ही बरेच लांब आल्यावर मागून हाक आली.

"शालिनीऽऽ!"

"ओऽऽ!" शालिनी वळून ओरडली, आणि हात हलवला.

मी चालत राहिलो. आता स्कूटरवाले येणार, हे मला माहीत होतं.

"जगन्नाथऽऽ!"

मी थांबलो. बोईसरमध्ये मला कुणी नावाने हाक मारत नाही. भाडेकरू शेट म्हणतात, कचेरीत आडनाव घेतात, बायको अहो म्हणते. मी शालिनीकडे बघितलं. ती वाळूत काहीतरी शोधत असल्यासारखी खाली बघत होती.

मागे हिराबाय ठेंगणी, रुंद, दोन्ही हात जरा लांब धरून उभी होती. हलत नव्हती. तिने पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा लांब हेल काढून, आणि मला कळलं की ओ मिळेपर्यंत ही बाई घराकडे तोंड फिरवणार नाही, अंधार पडला तरी.

मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि माझ्यात होता तेवढा सगळा आवाज काढून ओ दिली.

तिने एकदा मान हलवली. मग ती वळली आणि सावकाश घराकडे चालू लागली.